शेक किती, फेऱ्या किती

२ ग्रे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्या माणसाला एका दिवसात मिळणारी ही नेहमीची मात्रा. एका किलो ऊतीत १ ज्यूल ऊर्जा जिरली की तो १ ग्रे. म्हणजे इथे किलोमागे २ ज्यूल. एवढ्याने ती जागा किती तापते, हे गणित अकरावीचा मुलगाही करील. उत्तर येतं, एका अंशाचा साधारण दोन हजारावा भाग. घरात ताप मोजायला असतं ते थर्मामीटर जागचं हलणारही नाही.

आणि तरी आपल्याकडे या उपचाराला ‘शेक’ म्हणतात. डॉक्टरांच्या खोलीतून माणूस बाहेर आला की सोबतच्यांचा पहिला प्रश्न असतो, “किती शेक सांगतले?” मे महिन्यात पारा ४५ च्या वर नेणाऱ्या अकोल्यात अंशाच्या दोन हजाराव्या भागाला शेक म्हणणं गमतीचं वाटतं. पण शब्द लोकांनी उगाच घेतलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गालाची कातडी काळवंडते, तोंड आतून सोलवटतं, भाकरी गिळवत नाही. भाजल्यासारखं दिसतं म्हणून शेक. फक्त ते भाजणं उष्णतेचं नसतं.

मग कशाचं? पूर्ण शरीराला एकदम ४ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांत दगावतात. ७० किलोच्या माणसासाठी ही ऊर्जा होते २८० ज्यूल. गरम चहाचा अर्धा चमचा तोंडात घेतला, तर तो अंगाला जवळपास एवढीच उष्णता देतो. चहाने काही होत नाही, कारण त्याची ऊर्जा अब्जावधी रेणूंत सारखी वाटली जाते. एक्स-रे किंवा गॅमा किरणांची ऊर्जा गठ्ठ्यागठ्ठ्यांनी उतरते आणि जिथे उतरते तिथे रेणूचा बंध तोडते. १ ग्रे मात्रेत एकेका पेशीच्या डीएनएची एक बाजू सुमारे हजार ठिकाणी तुटते, आणि दोन्ही बाजू एकाच जागी तुटल्याच्या जखमा होतात ३५ ते ४०. हजार जखमा पेशी सहज बुजवते. या शेवटच्या तीस-चाळीसच तिला भारी पडतात. निरोगी पेशी रात्रभरात बरीच डागडुजी करून घेते, कर्कपेशीला ती तितकी जमत नाही. या फरकावर सगळा उपचार उभा आहे, आणि म्हणूनच ६६ ग्रे एका दिवसात न देता २-२ करून ३३ दिवसांत देतात.

भौतिकशास्त्र आणि पेशीशास्त्र यांचा हिशेब इथे पुरा होतो. वऱ्हाडातल्या माणसाचा इथून सुरू होतो.

९,९०० किलोमीटर

धारणीहून अमरावती सुमारे १५० किलोमीटर. परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असा मेळघाटाचा घाटरस्ता. यंत्र अमरावतीतच मिळालं, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागली नाही, असं धरू. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, ३३ वेळा: ९,९०० किलोमीटर. मुंबईहून लंडनचं हवाई अंतर याहून बरंच कमी, ७,२०० च्या आसपास आहे.

रोज कोणी एवढा प्रवास करत नाही, हे उघड आहे. लोक शहरात खोली घेतात, पाहुण्यांकडे राहतात, दवाखान्याच्या आवारात पथारी टाकतात, किंवा उपचार अर्धा टाकून गावी जातात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ३३ शेकांना साडेसहा आठवडे लागतात. सोबत एक धडधाकट माणूस लागतो, म्हणजे घरातली दोन माणसं कामातून गेली. हे साडेसहा आठवडे सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत आले, तर सोबतच्या माणसाची चुळबुळ दुसऱ्या आठवड्यातच सुरू होते.

इथे एक आकडा डॉक्टरांनी प्रत्येक नातेवाइकाला सांगायला हवा. डोकं-मानेच्या कर्करोगात उपचार ठरल्यापेक्षा जितके दिवस लांबतो, तितका रोग आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. दिवसाला साधारण १ टक्का, थोडी वरच. पोळ्याला दोन दिवस, घरच्या लग्नाला तीन, यंत्र बंद म्हणून दोन: गेले सात टक्के. एखाद्या महागड्या नव्या औषधाने सात टक्के फायदा दाखवला तर वर्तमानपत्रात मथळा येतो.

गरज किती आहे, तीही मोजून पाहू. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५ आणि अकोल्याची १८,१३,९०६. मिळून ४७ लाख. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला १४,६१,४२७ नवे कर्करुग्ण, म्हणजे लाखामागे १००.४. हाच दर लावला तर दोन जिल्ह्यांत वर्षाला सुमारे ४,७००. ग्रामीण भागातल्या नोंदींत दर शहरांपेक्षा कमी दिसतो, म्हणून एक तृतीयांश कापून टाकू: ३,१५०. कर्करुग्णांपैकी साधारण निम्म्यांना आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर रेडिएशन लागतं. एक यंत्र वर्षाला ४०० ते ५०० रुग्ण नीट हाताळतं. म्हणजे कमीत कमी धरली तरी साडेतीन यंत्रं हवीत, देशाचा दर धरला तर पाच. लोकसंख्या २०११ नंतर वाढली आहे, तेव्हा हा अंदाज तोकडाच पडेल.

देशपातळीवर दर दहा लाख लोकांमागे एक यंत्र असा ढोबळ मापदंड सांगतात. त्याने भारताला १,४०० च्या वर यंत्रं लागतात. प्रत्यक्षातली संख्या त्याहून बरीच कमी आहे, आणि जी आहेत ती मोठ्या शहरांत दाटीने बसली आहेत.

कोबाल्टचं घड्याळ

यंत्रं मुख्यतः दोन जातींची. जुनं कोबाल्टचं, नवं लिनॅक. कॅनडात १९५१ साली कोबाल्ट-६० ने पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. लिनॅक म्हणजे रेषीय प्रवेगक दोनच वर्षांनी, १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रुग्णांसाठी चालू झाला. मोठ्या शहरांत आता कोबाल्टचं नाव काढलं की नाकं मुरडतात. मला ही घाई पटत नाही.

कोबाल्टचा गोळा स्वतःच किरण सोडतो, १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे दोन गॅमा. किरण तयार करायला वीज लागत नाही. झडप उघडायला आणि रुग्णाचं मेज हलवायला लागते तेवढीच. ज्या भागात दुपारी दोन तास भारनियमन होतं, तिथे ही लहान गोष्ट नव्हे. बदल्यात तो सतत झिजतो. अर्धायु ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला १ टक्क्याहून थोडा जास्त. नवा गोळा बसवला त्या दिवशी एका रुग्णाला २ मिनिटं लागत असतील, तर सव्वापाच वर्षांनी ४ आणि साडेदहा वर्षांनी ८ मिनिटं लागतात. दिवसाला ५० रुग्ण असले तर यंत्राखालची निव्वळ वेळ १०० मिनिटांवरून ४०० वर जाते. वेळेवर गोळा बदलला नाही की रांग लांबते. रांग लांबली की शेवटची एसटी चुकते.

लिनॅकला अर्धायु नाही. त्याला लागते स्थिर वीज, थंड पाण्याचं चक्र आणि बिघाड झाला की त्याच दिवशी येणारा इंजिनिअर. त्याचे किरण कडेला नेमके, म्हणून लाळग्रंथी, मणक्यातली मज्जा वाचवणं सोपं जातं. दोन्ही कामाची आहेत. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने ६ एमव्हीचा देशी लिनॅक बनवला आणि तो वऱ्हाडाच्या शेजारी सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत रुग्णांवर वापरला गेला. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी कोबाल्ट यंत्र बनवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. त्यातलं एक भारताने व्हिएतनामला भेटही दिलं.

यंत्र आलं तरी ते खोलीत ठेवावं लागतं, आणि खोली म्हणजे भिंत. ६ एमव्हीच्या किरणांना दहाव्या हिश्शावर आणायला सुमारे ३३ सेंटिमीटर काँक्रीट लागतं. असे सहा थर दिले की दहा लाखांतला एक भाग बाहेर येतो. जाडी झाली दोन मीटर. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकेरी पदर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नोंद झाली, हे वऱ्हाडात सगळ्यांना पाठ आहे. दोन मीटर भिंतीत तसा विक्रम करता येत नाही. काँक्रीट मुरायलाच २८ दिवस घेतं. त्यानंतर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, यंत्राची जुळणी, मात्रेची मोजणी. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ भिंतीचा नकाशा हातात घेतल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. तक्रार करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की भिंतीपलीकडे बसणाऱ्या रिसेप्शनच्या मुलीला वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, म्हणून ही खटपट आहे. आत काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्ट, एका वर्षात कधीही ३० च्या वर नाही. त्यांच्या छातीला लावलेला बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.

आता थोडं आडवळण. किरणोत्सर्ग म्हटलं की वऱ्हाडातला शेतकरी दोन पावलं मागे सरकतो, आणि तोच गेली कित्येक वर्षं किरणांतून निघालेलं बियाणं पेरतो आहे. भुईमुगाचं टीएजी-२४ हे वाण १९९१ चं. त्यातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे, ‘ए’ म्हणजे अकोला, ‘जी’ म्हणजे भुईमुगाचं इंग्रजी नाव. उडदाचं टीएयू-१ हे १९८५ चं, तेही ट्रॉम्बे-अकोला. सोयाबीनच्या टीएएमएस-३८ मध्ये अमरावतीचं नाव आहे. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी बियांवर किरण सोडून गुणसूत्रांत बदल घडवायचे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ते वावरात पारखायचे, अशी ही जोडी. डीएनएच्या ज्या जखमा गाठीत पेशी मारण्यासाठी हव्या असतात, त्याच बियाण्यात नवा गुण आणतात. वऱ्हाडात या भौतिकशास्त्राची गाठ दवाखान्याच्या कितीतरी आधी वावरात पडली आहे.

धर्मशाळा नावाचं उपकरण

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो शाळेत झालेला असतो. ८ नोव्हेंबर १८९५ ला विल्हेल्म रोंटगेनला एक्स-रे दिसले, २२ डिसेंबरला त्याने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, महिन्याभरात जगभरचे डॉक्टर हाडं बघू लागले. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला रेडियम सापडलं. मुंबईचं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं. जगात एखाद्या कर्करुग्णालयाची मालकी अणुऊर्जा खात्याकडे असणं विरळा. त्याच वर्षी ट्रॉम्बेला एम.एस्सी. झालेल्या मुलांसाठी रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम निघाला. आज रेडिएशनच्या प्रत्येक केंद्राला लागणारा ‘मेडिकल फिजिसिस्ट’ या आणि अशा अभ्यासक्रमांतून येतो. रुग्णाला तो सहसा दिसत नाही. शेकाची मात्रा, कोन, पाठीमागच्या अवयवांवर पडणारा भार, सगळं त्याच्या संगणकावर ठरतं. अमरावती विद्यापीठातून दरवर्षी फिजिक्स घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी किती जणांना अशी नोकरी असते हे ठाऊक असेल? बी.एड. आणि क्लासेसची वाट मात्र सगळ्यांना माहीत.

वऱ्हाडाचं या इतिहासातलं पान वेगळ्या जागी आहे. यावलीत जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीच्या गुरुकुंजात कर्करोगाने गेले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. वऱ्हाडातली कित्येक घरं शेकासाठी आजवर तिथे गेली. आणि टाटाला जाणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असते. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने सहाशेला थोडे कमी किलोमीटर. रेल्वे कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाड्याची पूर्ण सवलत देते, ते उत्तमच. पण ती दोन प्रवासांचा प्रश्न सोडवते, मधल्या साडेसहा आठवड्यांचा नाही. तो धर्मशाळा सोडवते. उपचार ३३ तुकड्यांत द्यायचा हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी राहायची जागा हा उपचाराचाच भाग झाला. लिनॅकच्या खरेदीच्या फायलीत मात्र दहा खोल्यांच्या निवासाचं कलम क्वचितच असतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेडिएशन त्यात बसतं. भाड्याची खोली आणि सोबतच्याची बुडालेली मजुरी खिशातूनच जाते.

स्कोर किती?

भौतिकशास्त्राचे आकडे वऱ्हाडाच्या घराघरांत शिरले ते २०२१ मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी लागली ती इकडे. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागली. पुढचे तीन महिने माणसं दोनच आकडे विचारत होती. ऑक्सिजन किती, आणि स्कोर किती.

पहिला आकडा बोटाच्या चिमट्यातून येत होता. ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश आणि ९४० चा अवरक्त, दोन्ही बोटातून आरपार सोडायचे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त; न घेतलेलं उलट. नाडीबरोबर दोन्हींचं जे प्रमाण कमी-जास्त होतं, त्यातून टक्का निघतो. हे १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलं. एप्रिल २०२० मध्ये, जगाला त्यांच्या यंत्राची सर्वात जास्त गरज लागत होती त्याच महिन्यात, ते वारले. आशाताई घरोघरी तो चिमटा घेऊन फिरल्या. १२५ वर्षांच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रातलं सर्वात लोकशाही उपकरण कोणतं असं मला विचारलं, तर मी याचं नाव घेईन.

दुसरा आकडा सीटीचा. फुप्फुसांच्या पाच पाळ्यांना प्रत्येकी ५, एकूण २५ पैकी गुण. सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच दर बांधले होते: १६ स्लाइसच्या आतल्या यंत्राला २,०००, १६ ते ६४ ला २,५००, त्यावर ३,००० रुपये. साधा खोकला असलेल्यांनीही रांगा लावल्या. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच उत्तर दिलं, आजच्या कमी मात्रेच्या सीटीत ते ५ ते १० एक्स-रेएवढंच. लोक गोंधळले. गणित करून बघितलं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर निघतात. नेहमीच्या छातीच्या सीटीला ७ मिलिसीव्हर्ट आणि एका डिजिटल एक्स-रेला ०.०२ धरले तर ३५०. मुद्दाम कमी ठेवलेल्या सीटीला १ आणि जुन्या पद्धतीच्या दोन बाजूंच्या एक्स-रेला ०.१ धरले तर १०. खरा प्रश्न होता, आपल्या गल्लीतलं सेंटर कोणत्या सेटिंगवर चालतं. तो कोणी विचारला नाही. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. त्या शेजारी ठेवून बघितलं असतं तरी घबराट आणि हौस दोन्ही कमी झाली असती.

सोनोग्राफीची गोष्ट दोन ओळींत संपवतो, ती अभिमानाची नाही. ध्वनिलहरींत किरणोत्सर्ग शून्य, मात्रा शून्य. तरी ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ ते २०११ या दहा वर्षांत अकोला जिल्ह्यात ९३३ वरून ९१२ वर आल्या, अमरावतीत ९४१ वरून ९३५, शेजारच्या बुलढाण्यात ९०८ वरून ८५५. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा १९९४ पासून आहे आणि त्याही आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचा केला होता.

पुढचे आकडे

भविष्य म्हटलं की लेख प्रोटॉनवर जातात. खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू आहेत. २३० एमईव्हीचा प्रोटॉन शरीरात सुमारे ३३ सेंटिमीटर जाऊन सर्वात मोठी मात्रा तिथेच टाकतो आणि थांबतो, पलीकडच्या अवयवाला धक्का नाही. मेंदूत गाठ असलेल्या लहान मुलांसाठी हे मोलाचं आहे. धारणीच्या माणसाला मात्र वेगळे आकडे जास्त उपयोगाचे.

स्तनाच्या कर्करोगात पूर्वी २५ शेक असत. ब्रिटनमधल्या २,२१५ स्त्रियांच्या चाचणीने दाखवलं की ४० ग्रे १५ दिवसांत दिले तरी चालतात. मग ९७ रुग्णालयांतल्या ४,०९६ रुग्णांच्या चाचणीत, जिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, २६ ग्रे पाचच दिवसांत दिले. पाच वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा जास्त नव्हतं. हाडांत उतरलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर ८ ग्रेचा एकच शेक दहा शेकांइतकाच आराम देतो, हे तर कधीच सिद्ध झालं आहे. धारणी-अमरावतीचं गणित पुन्हा मांडू. २५ शेकांना ७,५०० किलोमीटर, १५ ना ४,५००, ५ ना १,५००, एकाला ३००. यंत्र तेच, भिंत तीच. यंत्र साडेतीनवरून पाच करण्याआधी शेक २५ वरून ५ वर आणले, तर त्या रुग्णांपुरती यंत्राची क्षमता पाचपट होते. पण मोठी मात्रा अचूक बसवावी लागते, श्वासाबरोबर हलणारी छाती रोज तपासावी लागते. म्हणजे पुन्हा तोच न दिसणारा फिजिसिस्ट. तोंडाच्या कर्करोगात, जो तंबाखू-खर्ऱ्याच्या आपल्या मुलखात जास्त, एवढी काटछाट अजून करता येत नाही. तिथे ३० ते ३५ शेकांचीच रीत आहे. लोझानच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एका रुग्णाच्या कातडीवरच्या गाठीला १५ ग्रे ९० मिलिसेकंदांत दिले. ‘फ्लॅश’ म्हणतात त्याला. निरोगी ऊती त्यात कमी भाजते असं दिसतं. खोल गाठींसाठी ते जमेल तेव्हा जमेल.

हलकी यंत्रं त्याआधी पोचतील. देशाच्या २०१९-२१ च्या क्षयरोग सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते; खोकला नसल्याने त्यांच्याकडे कोणी बघितलंच नसतं. आता साडेतीन किलोचं, खांद्याला लटकवायचं एक्स-रे यंत्र मिळतं, आणि छायाचित्रातला डाग संगणक दाखवतो. मेळघाटातल्या ढाण्यावर, म्हणजे पाड्यावर, साडेतीन किलो नेता येतात, क्षयरुग्णाला धारणीला आणणं अवघड. एमआरआयचंही तसंच. १.५ टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पस्तीसेक हजार पट, आणि ते उणे २६९ अंशावरच्या द्रव हेलियमात बुडालेलं. मे महिन्यात अकोल्यात बाहेर ४५ आणि आत उणे २६९, म्हणजे काही इंचांच्या भिंतीत ३१४ अंशांचा फरक. जुन्या चुंबकांत हेलियम हजार लिटरच्या वर लागायचं, २०१८ पासून ७ लिटर बंद टाकीत भागवणारी आली आहेत, आणि चाकांवर ढकलायचं ०.०६४ टेस्लाचंही एक आलं आहे, साध्या वीजप्लगवर चालणारं. चित्र धूसर येतं. मेंदूत रक्त साकळलं आहे की नाही, हे रात्री दोन वाजता सांगायला तेही चालेल.

राहिला पेट स्कॅन. त्यासाठी लागणारं फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये बनतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईहून रेल्वेने दहा तासांत अकोल्याला आणलं तर शंभरातले दोन-सव्वादोन भाग उरतात. नागपूरहून साडेचार तासांत रस्त्याने आणलं तर अठरा. १६ एप्रिल २०२५ पासून मुंबई-अमरावती विमान बेलोऱ्याला उतरू लागलं आहे, हवेतला वेळ सुमारे १०५ मिनिटं. म्हणजे जवळजवळ नेमकी एक अर्धायु. मुंबईत चढवलेल्यातलं निम्मं बेलोऱ्यात उतरेल. विमान वेळेवर सुटलं तर.